अनाथाश्रम पर्यटन

अनाथाश्रम पर्यटन म्हणजे विद्यार्थ्यांचे गट, स्वयंसेवक किंवा पर्यटक यांनी परदेशप्रवासाचा एक भाग म्हणून अनाथाश्रमांना दिलेल्या भेटी आणि तेथे केलेले अल्पकालीन सेवाकार्य होय. मुलांबरोबर खेळणे, त्यांना इंग्रजी शिकवणे, खाऊ, कपडे व वह्या-पुस्तके वाटणे, भिंती रंगवणे आणि जमवलेला निधी सुपूर्द करणे हे अशा भेटींचे नेहमीचे स्वरूप असते. हा स्वयंसेवी पर्यटनाचा एक उपप्रकार मानला जातो. कंबोडिया, नेपाळ, हैती, तसेच घाना, युगांडा आणि केनिया हे आफ्रिकी देश या संदर्भात विशेष चर्चेत आले आहेत.

या भेटींमागील हेतू बहुधा निर्मळ असतो. तथापि अशा अनेक आश्रमांतील बहुसंख्य मुलांचे आईवडील, निदान त्यांपैकी एक जण, हयात असल्याचे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील पाहण्यांतून दिसून आले. पाहुण्यांकडून येणाऱ्या पैशामुळे आश्रमांची संख्या वाढते आणि ते भरण्यासाठी गरीब कुटुंबांतील मुले घराबाहेर काढली जातात, असा या प्रथेवरील मुख्य आक्षेप आहे. त्यामुळे अनेक शिक्षणसंस्थांनी व प्रवास कंपन्यांनी अशा भेटी बंद केल्या असून काही देशांनी या प्रश्नाकडे मानवी तस्करीच्या दृष्टीने पाहण्यास आरंभ केला आहे.

पार्श्वभूमी

परदेशात जाऊन श्रमदान करण्याची आधुनिक परंपरा पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाली. स्विस शांततावादी प्येर सेरेझोल यांनी १९२० मध्ये फ्रान्समधील व्हर्दंनजीकच्या एका उद्ध्वस्त खेड्यात विविध देशांतील स्वयंसेवकांचे शिबिर भरवले. त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना उदयास आली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये झालेल्या भूकंपानंतर सेरेझोल काही सहकाऱ्यांसह भारतात आले आणि त्यांनी तेथील खेड्यांच्या पुनर्वसनात भाग घेतला. १९५० च्या दशकात याच संघटनेच्या स्वयंसेवकांनी वरोऱ्याजवळील आनंदवनात बाबा आमटे यांच्या कुष्ठरोग्यांसाठीच्या प्रकल्पावर बांधकामासाठी श्रमदान केले. हे काम अंगमेहनतीचे होते. स्वयंसेवक दीर्घकाळ मुक्काम करीत आणि स्थानिक लोकांच्या बरोबरीने राबत.

विद्यार्थ्यांना मोठ्या संख्येने परदेशी पाठवण्याचे उपक्रम १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील धर्मोपदेशक जेम्स रॉबिन्सन यांच्या ‘ऑपरेशन क्रॉसरोड्स आफ्रिका’ या संस्थेमार्फत १९५८ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांचा पहिला गट पश्चिम आफ्रिकेत गेला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ या संस्थेचा आरंभ झाला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी ‘पीस कोअर’ स्थापन केले.

या उपक्रमांवर टीकाही लवकरच सुरू झाली. मेक्सिकोतील खेड्यांत उन्हाळी सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या एका संघटनेसमोर विचारवंत इव्हान इलिच यांनी २० एप्रिल १९६८ रोजी भाषण केले. ज्यांची भाषा येत नाही आणि ज्यांचे जीवन ठाऊक नाही, अशा लोकांना मदत करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, असा त्या भाषणाचा आशय होता. विद्यार्थ्यांनी मेक्सिकोत पाहण्यासाठी व शिकण्यासाठी यावे, मदतीसाठी येऊ नये, असे त्यांनी सुचवले. स्वयंसेवी पर्यटनाच्या चर्चेत या भाषणाचा आजही वारंवार उल्लेख होतो.

१९९० नंतर विमानप्रवास आवाक्यात आला. पाश्चात्त्य देशांत शालेय शिक्षण व महाविद्यालय यांच्यामध्ये एक वर्ष प्रवासासाठी ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि महाविद्यालयीन प्रवेशासाठी सेवाकार्याच्या अनुभवाला महत्त्व आले. यातून दोन ते चार आठवड्यांचे सेवाप्रवास शुल्क घेऊन आयोजित करणाऱ्या कंपन्या पुढे आल्या. शिबिरात विहीर खणणे किंवा शाळा बांधणे यासाठी कौशल्य व पूर्वतयारी लागते. लहान मुलांबरोबर काही दिवस घालवण्यासाठी मात्र कोणत्याही पात्रतेची अट नसे. त्यामुळे अनाथाश्रम हे अशा प्रवासांचे लोकप्रिय ठिकाण ठरले.

‘अनाथ’ या संज्ञेचा प्रश्न

मराठीत ‘अनाथ’ या शब्दाने आईवडील दोघेही नसलेले व निराधार मूल सूचित होते. युनिसेफ व अन्य आंतरराष्ट्रीय संस्था आकडेवारीसाठी निराळी व्याख्या वापरतात. आई किंवा वडील यांपैकी एकाचा अथवा दोघांचा मृत्यू झालेले १८ वर्षांखालील मूल त्या व्याख्येनुसार अनाथ गणले जाते. युनिसेफच्या २०१५ च्या अंदाजानुसार जगात सुमारे १४ कोटी मुले या व्याख्येत बसत होती, परंतु त्यांपैकी दोन्ही पालक गमावलेली मुले सुमारे १ कोटी ५१ लाख होती. उरलेल्यांना आई किंवा वडील होते. दोन्ही पालक नसलेल्या मुलांपैकीही पुष्कळ जण आजी-आजोबा, काका, मामा अशा नातेवाइकांकडे वाढत होते.

या दोन अर्थांमधील अंतर मोठे आहे. १४ कोटी ही संख्या निधिसंकलनाच्या पत्रकांत आली की वाचणाऱ्याच्या मनात १४ कोटी निराधार मुलांचे चित्र उभे राहते आणि त्यांच्यासाठी आश्रम बांधणे हाच स्वाभाविक उपाय वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक मुलांची निकड वेगळी असते. ज्या घरात ते मूल आहे, त्या घराला आधार मिळणे ही ती निकड होय.

अर्थकारण

अनाथाश्रमांना शासकीय अनुदान नसेल, तर त्यांची भिस्त देणग्यांवर असते. पाहुण्यांचे गट येऊ लागले की त्यांचे शुल्क, देणग्या व मायदेशी परतल्यानंतर ते पाठवीत असलेला निधी यांतून उत्पन्नाचा नवा मार्ग तयार होतो. अशा स्थितीत मुलांची संख्या आणि त्यांची दुरवस्था यांवर उत्पन्न अवलंबून राहते. मुले घरी परतली तर देणगीदार कमी होतात. इमारत नीटनेटकी व मुले सुस्थितीत दिसली तर पाहुण्यांना मदतीची गरज वाटत नाही. म्हणून काही ठिकाणी मुलांना मुद्दाम हलाखीत ठेवणे, मिळालेल्या वस्तू परत विकणे आणि पाहुण्यांसमोर गाणी व नृत्ये करावयास लावणे असे प्रकार उघडकीस आले आहेत.

मुले मिळवण्यासाठी खेड्यापाड्यांत मध्यस्थ नेमले जातात. शहरात चांगले शिक्षण, पोटभर जेवण व पुढे नोकरी यांचे आश्वासन ते पालकांना देतात. बहुतेक पालक मुलाला टाकून देत नसून शिकायला पाठवत असल्याच्या समजुतीने निरोप देतात. कधी त्यांच्याकडूनच पैसेही घेतले जातात. त्यानंतर मुलांची नावे बदलणे व पालकांच्या मृत्यूचे खोटे दाखले तयार करणे यांमार्फत त्यांना अनाथ ठरवले जाते. अशा मुलांना ‘कागदोपत्री अनाथ’ असे म्हटले जाते. ऑस्ट्रेलियातील विधिज्ञ केट व्हॅन डूर यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात आर्थिक लाभासाठी मुलांची अशी भरती ही आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार मानवी तस्करी ठरते, असे प्रतिपादन केले.

कंबोडिया

ख्मेर रूज राजवटीत (१९७५–७९) कंबोडियातील लक्षावधी लोक मृत्यूमुखी पडले आणि असंख्य मुले खरोखरीच पोरकी झाली. त्यानंतरची यादवी संपून १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षी अंगकोरच्या मंदिरसमूहाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला होता. १९९३ मध्ये सुमारे १ लाख असलेली परदेशी पर्यटकांची वार्षिक संख्या २०१८ मध्ये ६० लाखांवर गेली.

यादवी संपल्यानंतर पालक नसलेल्या मुलांचे प्रमाण घटणे अपेक्षित होते. अनाथाश्रमांची संख्या मात्र वाढत गेली. युनिसेफच्या साहाय्याने झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००५ ते २०१० या पाच वर्षांत कंबोडियातील अनाथाश्रम सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. तेथील जवळजवळ तीनचतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते. मुलांना तेथे ठेवण्याची प्रमुख कारणे दारिद्र्य व शिक्षणाची ओढ ही होती. बहुतेक संस्था खासगी असून परदेशी देणग्यांवर चालत होत्या, आणि सीएम रीप व नॉम पेन्ह अशा पर्यटकांची वर्दळ असलेल्या ठिकाणी त्या एकवटल्या होत्या. पुढे झालेल्या शासकीय पाहणीत देशभरात ४०६ निवासी संस्थांत १६,५७९ मुले असल्याची नोंद झाली.

२०११ मध्ये ‘फ्रेंड्स इंटरनॅशनल’ या संस्थेने युनिसेफच्या पाठिंब्याने ‘मुले ही पर्यटनस्थळे नव्हेत’ या आशयाची मोहीम सुरू केली. वस्तुसंग्रहालयातील काचेच्या पेटीत ठेवलेली मुले आणि त्यांची छायाचित्रे टिपणारे पर्यटक, असे तिचे भित्तिपत्रक होते. २०१५ मध्ये कंबोडिया सरकारने निवासी संस्थांसाठी नियमावली लागू केली. त्यानंतर पाच प्रांतांतील मुलांपैकी ३० टक्के मुलांना कुटुंबांत परत नेण्याचे उद्दिष्ट जाहीर करण्यात आले.

नेपाळ

नेपाळमध्ये १९९६ ते २००६ या काळात माओवादी बंडखोर व शासन यांच्यात सशस्त्र संघर्ष झाला. बंडखोर मुलांना आपल्या दलात ओढतील या भीतीने हुमला व कर्णाली भागातील अन्य दुर्गम जिल्ह्यांतील पालकांनी मुलांना सुरक्षित ठिकाणी पाठवण्याचा प्रयत्न केला. याचा लाभ दलालांनी उठवला. शहरातील निवासी शाळेत घालतो असे सांगून त्यांनी पालकांकडून पैसे घेतले आणि मुलांना काठमांडू खोऱ्यातील आश्रमांत सोडले. संघर्ष संपल्यावर ही पद्धत थांबली नाही, कारण परदेशी स्वयंसेवकांमुळे तिला आर्थिक आधार मिळाला होता.

नेपाळमधील बहुसंख्य बालगृहे काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की व चितवन या मोजक्या जिल्ह्यांत आहेत. काठमांडू खोरे, पोखरा (कास्की) आणि चितवनचे राष्ट्रीय उद्यान ही देशातील प्रमुख पर्यटनस्थळेही याच जिल्ह्यांत येतात. मुले ज्या डोंगराळ जिल्ह्यांतून येतात, तेथे बालगृहे अगदी थोडी आहेत. गरज एकीकडे आणि संस्था दुसरीकडे, ही विसंगती अभ्यासकांनी या प्रश्नाचे ठळक लक्षण मानली आहे.

अमेरिकी स्वयंसेवक कॉनर ग्रेनन २००४ मध्ये काठमांडूनजीकच्या एका बालगृहात काही महिन्यांसाठी आले. तेथील मुले अनाथ नसून तस्करीने आणलेली असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी पुढे ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था स्थापन केली आणि हुमलातील वाड्यावस्त्यांत पायी जाऊन मुलांच्या पालकांचा शोध घेतला. ‘लिटल प्रिन्सेस’ या पुस्तकात त्यांनी हा अनुभव मांडला आहे.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर अशी भरती पुन्हा वाढण्याचा धोका निर्माण झाला. त्यामुळे नेपाळ सरकारने पालकांशिवाय किंवा परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई केली, नवी बालगृहे उघडण्यावर निर्बंध घातले आणि आंतरदेशीय दत्तकविधान तात्पुरते थांबवले.

हैती

हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या परिसरात १२ जानेवारी २०१० रोजी भूकंप झाला. त्यानंतर अमेरिकेतील एका धार्मिक गटाच्या दहा सदस्यांनी ३३ मुलांना शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात नेण्याचा प्रयत्न केला. आवश्यक कागदपत्रे नसल्यामुळे सीमेवर त्यांना अटक झाली. या मुलांचे पालक हयात असल्याचे पुढे चौकशीत आढळले. मुलांना चांगले शिक्षण मिळेल या आशेने पालकांनी स्वतःच ती सोपवली होती. आपत्तीच्या काळात मुलांना ‘वाचवण्याची’ घाई कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण म्हणून या घटनेचा उल्लेख केला जातो.

मुलांवरील परिणाम

कुटुंबापासून दूर, संस्थेत वाढण्याचे परिणाम मानसशास्त्रात दीर्घकाळ अभ्यासले गेले आहेत. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये लिहिलेल्या अहवालात बालकाच्या मानसिक आरोग्यासाठी एका स्थिर व प्रेमळ व्यक्तीचा सहवास अत्यावश्यक असल्याचे मांडले. रुमानियात १९८९ च्या अखेरीस चाउशेस्कू राजवट कोसळली, तेव्हा शासकीय आश्रमांत १ लाखाहून अधिक मुले असल्याचे जगासमोर आले. तेथील बुखारेस्ट शहरात २००० मध्ये सुरू झालेल्या संशोधनात आश्रमातील १३६ बालकांपैकी निम्मी बालके पालक-कुटुंबांकडे सोपवण्यात आली. या बालकांचा बौद्धिक व भावनिक विकास आश्रमात राहिलेल्यांपेक्षा चांगला झाला. वयाची दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी कुटुंबात गेलेल्यांत हा फरक अधिक स्पष्ट होता.

हे निष्कर्ष संस्थात्मक संगोपनाविषयी आहेत. पाहुण्यांच्या भेटींमुळे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते, असे दक्षिण आफ्रिकेतील संशोधक लिंडा रिक्टर व त्यांच्या सहकारी एमी नॉर्मन यांनी २०१० मधील लेखात दाखवून दिले. एड्समुळे पोरक्या झालेल्या मुलांच्या संस्थांमध्ये येणारे स्वयंसेवक थोड्या दिवसांत मुलांशी जवळीक साधतात आणि निघून जातात. स्थिर आधार नसलेल्या मुलाला जिव्हाळा लागणे आणि तुटणे यांचा हा फेरा पुन्हापुन्हा सोसावा लागतो.

अनोळखी माणूस दिसताच धावत येऊन बिलगणारी मुले पाहून भेट देणारे विद्यार्थी भारावून जातात. मुलांना आपली किती गरज आहे, याचा तो पुरावा वाटतो. बालमानसशास्त्रात मात्र ओळख नसलेल्या कोणालाही अशा प्रकारे बिलगणे हे विस्कळीत भावबंधाचे लक्षण समजले जाते. घरात वाढणारे लहान मूल अनोळखी माणसापासून बहुधा बुजते व आपल्या माणसाच्या आड लपते.

याखेरीज काही व्यावहारिक धोकेही आहेत. पार्श्वभूमीची पडताळणी न करता बाहेरच्या व्यक्तींना मुलांजवळ जाऊ दिल्याने लैंगिक शोषणाचा धोका वाढतो. भेटींच्या वेळापत्रकामुळे अभ्यास व विश्रांती यांत खंड पडतो. मुलांची छायाचित्रे त्यांच्या व्यथेसह समाजमाध्यमांवर प्रसारित झाल्याने त्यांच्या खासगीपणाचा भंग होतो.

शिक्षणसंस्थांची भूमिका

शाळा व विद्यापीठे ही अशा भेटींची प्रमुख आयोजक राहिली आहेत. विद्यार्थ्यांत सहानुभूती व सामाजिक जाणीव रुजवणे हा त्यांचा उद्देश असतो. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये झालेल्या पाहणीत तेथील निम्म्याहून अधिक विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांना अनाथाश्रमांतील सेवेच्या संधींची माहिती देत असल्याचे दिसले. त्यानंतर अनेक संस्थांनी या जाहिराती थांबवल्या. ब्रिटनमधील लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सनेही अनाथाश्रमांतील सेवेची जाहिरात न करण्याचे धोरण स्वीकारले.

शैक्षणिक दृष्टीने आणखी एक मुद्दा उपस्थित केला जातो. ज्या शाळेत स्वतःच्या विद्यार्थ्यांना भेटायला कोणाही अनोळखी व्यक्तीस वर्गात सोडले जात नाही, त्याच शाळेचे विद्यार्थी परदेशात कोणत्याही तपासणीवाचून मुलांच्या निवासात प्रवेश करतात. दारिद्र्याची कारणे न समजता केवळ त्याचे दर्शन घेतल्याने विद्यार्थ्यांच्या मनात ‘आपण देणारे, ते घेणारे’ अशी समजूत पक्की होते, असेही टीकाकारांचे म्हणणे आहे.

आंतरराष्ट्रीय कायदे व धोरणे

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी संमत केलेल्या बालहक्क संहितेनुसार मुलाला त्याच्या हिताविरुद्ध पालकांपासून वेगळे करता येत नाही. आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत केवळ दारिद्र्य हे मुलाला कुटुंबातून काढण्याचे कारण होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले आहे. तीन वर्षांखालील मुलांचे संगोपन कुटुंबासारख्या वातावरणातच व्हावे, असेही ती सांगतात.

ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने डिसेंबर २०१७ मधील अहवालात अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली. पुढच्या वर्षी संमत झालेल्या आधुनिक गुलामगिरी अधिनियमाच्या स्पष्टीकरणपर टिपणीत या प्रकाराचा उल्लेख आला. १८ डिसेंबर २०१९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने संमत केलेल्या ठरावात अनाथाश्रमांतील स्वयंसेवी कार्यक्रमांमुळे, विशेषतः पर्यटनाच्या संदर्भात, होणारी हानी रोखण्यासाठी उपाय योजण्याचे आवाहन सदस्य राष्ट्रांना करण्यात आले.

भारतातील स्थिती

भारतात बालगृहांचे नियमन बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ अन्वये होते. अशा प्रत्येक संस्थेची नोंदणी बंधनकारक असून मुलाला संस्थेत ठेवण्याचा निर्णय जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे असतो. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास कलम ७४ अन्वये मनाई आहे. ५ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील अनाथाश्रमांतील शोषणासंबंधीच्या प्रकरणात बालगृहांची नोंदणी, तपासणी व सामाजिक लेखापरीक्षण यांविषयी सविस्तर निर्देश दिले.

केंद्र शासनाने करवून घेतलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात ९,५८९ बालसंगोपन संस्था व त्यांत सुमारे ३ लाख ७० हजार मुले असल्याचे आढळले. यातही दोन्ही पालक नसलेल्या मुलांपेक्षा एकच पालक असलेल्या मुलांची संख्या बरीच अधिक होती.

मुलाला घरीच ठेवून मदत देणाऱ्या योजनाही भारतात आहेत. महाराष्ट्रात महिला व बालविकास विभागाच्या बालसंगोपन योजनेखाली एक पालक असलेल्या किंवा नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांच्या संगोपनासाठी दरमहा अनुदान दिले जाते. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेतही अशा प्रायोजकत्वाची तरतूद आहे.

भारतात, आणि महाराष्ट्रातही, वाढदिवस किंवा घरातील दिवंगत व्यक्तीचा स्मृतिदिन अनाथाश्रमात जेवण देऊन साजरा करण्याची पद्धत प्रचलित आहे. हे परदेशी पर्यटन नसले, तरी मुलांचा खासगीपणा आणि पाहुण्यांसमोर उभे राहण्याची सक्ती यांविषयीचे प्रश्न येथेही तेच आहेत.

मतभेद

अनाथाश्रमांना सरसकट अपायकारक मानू नये, असे काही अभ्यासकांचे मत आहे. कॅथरिन व्हेटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबोडिया, भारत, इथिओपिया, केनिया व टांझानिया या पाच देशांत ६ ते १२ वर्षे वयाच्या मुलांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्थांतील मुलांचे आरोग्य व बौद्धिक विकास समाजात वाढणाऱ्या पोरक्या मुलांपेक्षा कमी प्रतीचा नसल्याचे त्यात दिसले. संगोपनाची गुणवत्ता स्थळापेक्षा महत्त्वाची आहे, असा या अभ्यासकांचा निष्कर्ष होता. त्याच्या टीकाकारांनी तान्ह्या मुलांचा त्यात समावेश नव्हता याकडे लक्ष वेधले आहे.

भेटी व देणग्या एकाएकी थांबवल्यास मुलांचेच हाल होतील, हा दुसरा मुद्दा आहे. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे पर्यटन ठप्प झाले, तेव्हा काही देशांतील आश्रमांनी मुलांना पूर्वतयारीवाचून घरी पाठवले. ज्या दारिद्र्यामुळे मुले बाहेर पडली होती, ते घरी तसेच होते. त्यामुळे पैशाचा ओघ बंद करण्याऐवजी तो टप्प्याटप्प्याने कुटुंबांकडे वळवावा, यावर आता बऱ्याच अंशी एकमत आहे.

पर्याय

रवांडाने २०१२ मध्ये अनाथाश्रम बंद करण्याचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले. त्या वेळी तेथील ३३ संस्थांत सुमारे ३,३०० मुले होती. समाजसेवक व मानसशास्त्रज्ञ यांची नेमणूक करून मुलांच्या नातेवाइकांचा शोध घेण्यात आला. ज्यांना नातेवाईक मिळाले नाहीत, त्यांच्यासाठी पालक-कुटुंबे तयार करण्यात आली. प्रत्येक गावात ‘कुटुंबाचे मित्र’ म्हणून दोन स्थानिक स्वयंसेवक निवडले गेले. मुलाची भाषा जाणणारा, त्याच्या घराला रोज भेटू शकणारा आणि काम संपल्यावर गाव सोडून न जाणारा स्वयंसेवक ही या व्यवस्थेची जमेची बाजू मानली जाते.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटांसाठीही काही पर्याय सुचवले जातात. मुलांच्या निवासात न जाता स्थानिक शाळा, विद्यापीठे, बचतगट व सहकारी संस्था यांच्याबरोबर अभ्यासभेटी आखणे, परस्पर विद्यार्थी-विनिमय करणे, आणि जमवलेला निधी पालकांना रोजगार, शालेय शुल्क व औषधोपचार यांसाठी साहाय्य करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना देणे हे त्यांपैकी प्रमुख होत. एखाद्या बालगृहाला मदत करावयाचीच असेल, तर मुले कोठून आली, त्यांचे पालक कोण आहेत, ती घरी जाण्यासाठी संस्था काय प्रयत्न करते आणि मागील वर्षी किती मुले घरी परतली, हे प्रश्न आधी विचारावेत, असे या क्षेत्रातील कार्यकर्ते सुचवतात. या निकषानुसार मुलांची संख्या घटत जाणे हे चांगल्या बालगृहाच्या यशाचे लक्षण ठरते.

हेही पाहा

बालहक्क संहिता
बाल न्याय अधिनियम, २०१५
मानवी तस्करी
दत्तकविधान
पीस कोअर
राष्ट्रीय सेवा योजना